बांधणारे हात आणि जाणारे पाय : खानदेशातील प्रवासी सामानाचा इतिहास

खानदेशाचा इतिहास लिहायला बसले की थाळनेरचे फारुकी येतात, अशीरगडचा वेढा येतो, १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले तेही येते. बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणारे रस्ते येतात. पण त्या रस्त्यांवरून जी माणसे गेली त्यांच्या खांद्यावर काय होते, त्यात कपडे कसे ठेवले होते आणि मुख्य म्हणजे ते कोणी ठेवले होते, हे कुणी विचारत नाही. गॅझेटियरमध्ये बैलांची संख्या सापडते, बैलावरच्या गाठोड्याची गाठ सापडत नाही.

वास्तविक आपला मुलूखच वाटेवरचा आहे. धुळे येथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. जळगाव आणि भुसावळ रेल्वेच्या मोठ्या मार्गावर आहेत. इथला विणकर, कापडाचा फेरीवाला, ट्रकचालक, रेल्वेचा नोकर, बदलीचा मास्तर हे सगळे जाऊन-येऊन राहणारे लोक. आज गेले, परवा आले, पुन्हा सोमवारी निघाले. अशा घरांत सामान बांधणे ही सणासुदीची गोष्ट नसते, ते आठवड्याचे काम असते. म्हणून या कामाचाही एक इतिहास आहे आणि तो लिहून ठेवावा असे आम्हांला वाटते.

शब्दांची साक्ष

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. दोन भाषांमधला उंबरा रोज ओलांडावा लागतो, आणि त्या उंबऱ्यावर गमती घडतात. मराठीत 'घडी' म्हणजे कपड्याची दुमड, उर्दूत 'घडी' म्हणजे घड्याळ. उर्दूत 'तह' म्हणजे कपड्याची घडी, मराठीत 'तह' म्हणजे दोन राजांमधला करार. 'कपडे की तह लगाओ' असे घरी ऐकणारे मूल पुरंदरच्या तहापाशी थबकते ते यामुळेच.

सामानाचे शब्द मात्र दोन्ही भाषांनी वाटून घेतलेले आहेत. 'सामान' हा शब्दच फारसी. 'संदूक' अरबीतून आला. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी 'खुर्जी' फारसीतली. मराठी 'बोचके' हे उर्दूतल्या 'बुक़चा'च्या नात्यातले वाटते, आणि तो बुक़चा मुळात तुर्की : कपडे बांधायचा चौकोनी रुमाल. फारसीत 'जामा' म्हणजे कपडा. पायाचा जामा तो पायजामा. कपडे ठेवायचे ते 'जामदान'. हाच शब्द उत्तरेकडे प्रवास करीत गेला आणि आज रशियन माणूस सूटकेसला 'चेमोदान' म्हणतो तो यातूनच. आपल्याकडे तो मराठेशाहीच्या दफ्तरांत 'जामदारखाना' होऊन बसला. जामदार म्हणजे कपड्यांची निगा राखणारा.

या शब्दांत एक गोष्ट लक्षात येते. राजाच्या कपड्यांची निगा राखणाऱ्याला पदवी होती, आडनाव मिळाले, वतन मिळाले. घरातल्या कपड्यांची निगा राखणारीला मात्र कुठल्याच भाषेने नाव दिले नाही.

बैलाच्या पाठीचे गणित

सोळाव्या-सतराव्या शतकात सुरत हे हजला जाण्याचे बंदर होते. लोक त्याला 'बाब-उल-मक्का', मक्केचा दरवाजा, म्हणत. या दरवाज्याकडे जाणारी एक मोठी वाट खानदेशातून होती. बुऱ्हाणपूर, रावेर, चोपडा, थाळनेर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर आणि मग सुरत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात या वाटेचे मुक्काम ओळीने दिले आहेत. त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. इंग्रज व्यापारी पीटर मंडी याने चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिला. याच मंडीने १६३० सालच्या दुष्काळात खानदेशची वाट ओलांडताना रस्त्याकडेला पडलेली प्रेतेही पाहिली. वाट म्हणजे फक्त व्यापार आणि यात्रा नव्हे. उपाशी माणसांचे निघून जाणेही त्याच वाटेने झाले.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बुऱ्हाणपुरात पोचला. म्हणजे सुमारे पंधरा दिवस. तिथल्या सराईत त्याला ज्या खोल्या मिळाल्या त्या त्याला भट्टीसारख्या वाटल्या, आणि तसे त्याने लिहून ठेवले. वकिलाची ही गत, तर साध्या मुसाफिराने झाडाखाली किंवा सराईच्या ओट्यावर रात्र काढायची. त्यामुळे अंथरूण बरोबर हवे, आणि तेच अंथरूण दिवसा कपड्यांचे वेष्टणही हवे. वळकटी जन्माला आली ती या गरजेतून.

जनावरावर सामान लादण्याचा नियम एकच असतो : दोन्ही बाजू सारख्या. एक गोण जड झाली की बैलाची पाठ सोलते आणि तांडा अडतो. खुर्जी आणि खांद्यावरची पडशी यांचीही तीच रीत. पुढच्या कप्प्यात जेवढे वजन, तेवढेच मागच्या कप्प्यात. अशा दोन तोंडांच्या पिशवीत घडी केलेला कपडा टिकत नाही, हिंदकळून त्याचा बोळा होतो. म्हणून कपडा गुंडाळायचा. गुंडाळीला कोपरे नसतात, ती पिशवीच्या पोटात नीट बसते, आणि बाहेरचा एक वेढा ओला झाला तरी आतला कोरडा राहतो. आजकाल प्रवासाच्या पुस्तकांत कपडे गुंडाळून भरण्याची युक्ती नवा शोध म्हणून सांगतात. तांड्यावरच्या माणसाला ती पाठ होती.

याच्या दुसऱ्या टोकाला बादशाही छावणी. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त हिशेब दिला आहे की एका छावणीचे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय असे दोन संच असत. बादशाह एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. वारंवार प्रवास करणाऱ्याने एक तयार संच वेगळा ठेवावा, हे तत्त्व इतके जुने आहे. फरक एवढाच की बादशहाकडे त्यासाठी फर्राश होते.

त्याच घराण्यातली एक स्त्री, बाबराची मुलगी गुलबदन बेगम, १५७५ साली फतेहपूर सिक्रीहून बायकांचा काफिला घेऊन हजला निघाली, सुरतेहून जहाजात बसली आणि १५८२ मध्ये परतली. सात वर्षांचा प्रवास. तिने 'हुमायूननामा' लिहिला, पण या हजच्या सफरीचे तिने लिहिलेले वर्णन आपल्या हाती नाही. सात वर्षे पुरतील असे कपडे त्या बायकांनी कसे बांधले, कोणते वाटेत वाटून टाकले, कोणते परत आणले, हे कळले असते तर इतिहासाचे एक दालन उघडले असते.

लोखंडी रूळ आणि पत्र्याची पेटी

१८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६० नंतरच्या चार-पाच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचे रूळ चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत पोचले. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा झाला. त्याच सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेची जुनी वाट अमळनेरला आणून जोडली. पंधरा दिवसांची वाट एका रात्रीवर आली.

रेल्वेने सामानाचा आकार बदलला. जनावराच्या पाठीला गोल, लवचिक सामान चालते. डब्यात एकावर एक रचायचे तर सपाट हवे. युरोपात पूर्वी पेट्यांची झाकणे घुमटासारखी असत, पावसाचे पाणी ओघळून जावे म्हणून. पॅरिसच्या लुई व्हिताँने १८५८ साली सपाट झाकणाची पेटी बाजारात आणली ती आगगाडीचा आणि जहाजाचा विचार करूनच. आपल्याकडे ती कल्पना पत्र्याच्या ट्रंकेच्या रूपात आली. वर रंग, कडेला कोयंडा, कोयंड्याला कुलूप, आणि झाकणावर मालकाचे नाव व गाव. बाकाखाली सरकवता येते, गर्दीत तिच्यावर बसता येते आणि घरी आल्यावर तीच कपाट होते.

गाठीच्या जागी कुलूप आले, हा बदल लहान नव्हता. गाठ कुणालाही सोडता येते, पण ती पुन्हा तशीच बांधता येत नाही. कुणी हात लावला की बांधणारीला कळते. कुलपाची किल्ली मात्र जाणाऱ्याच्या कमरेला गेली. घरातल्या बाईने भरायचे आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, ही नवी रीत पत्र्याच्या पेटीने आणली.

पेटी भरण्याची रीतही ठरून गेली. तळाला वर्तमानपत्र किंवा मांजरपाटाचा तुकडा. त्यावर जड आणि न चुरगळणारे : लुंगी, चादर, टॉवेल. मध्ये शेरवानी किंवा कोट, तोही उलटा घडी घालून, म्हणजे धूळ बसली तर अस्तरावर बसेल. सदऱ्याच्या कॉलरमध्ये मोजे कोंबायचे, कॉलर दबत नाही. टोपीत रुमाल भरायचा, टोपीचा आकार राहतो. कोपऱ्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या. सगळ्यांत वर जानमाज आणि वाटेत लागणारा एक जोड, कारण नमाजची वेळ झाली की गाडीत सगळी पेटी उपसता येत नाही. लोटा आणि जेवणाचा डबा पेटीबाहेर. अंथरूण, उशी आणि पादत्राणे होल्डॉलमध्ये. दोन पट्टे आवळले की झाले. जुन्या उर्दू बोलीत त्याला 'बिस्तरबंद' म्हणत.

भुसावळच्या रेल्वे वस्तीत पेटीचा आणखी एक प्रकार दिसे. गार्डची 'लाइन बॉक्स'. तिच्यात झेंडे, हातबत्ती, धोक्याच्या सूचनेचे फटाके, नियमांचे पुस्तक. ती काळी पेटी गाडीपर्यंत नेणारा बॉक्सबॉय वेगळा असे. अलीकडच्या वर्षांत रेल्वेने या पेट्यांच्या जागी चाकांच्या बॅगा आणायला सुरुवात केली. पण गार्डाचे आणि ड्रायव्हरचे कपडे, डबा, चादर यांची वेगळी पिशवी घरून यायची. रनिंग स्टाफच्या घरात बोलावणे रात्री दोनलाही येते. अशा घरातली बाई पिशवी भरत नसे. पिशवी कायम भरलेलीच असे. धुतलेला जोड आत गेला की मळका बाहेर. बादशाही छावणीतले दोन संचांचे तत्त्व भुसावळच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये फर्राशांवाचून चालत होते.

गाठोड्यावरचा संशय

सामानाच्या इतिहासात एक प्रकरण दुःखाचे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. संशय कपड्यांवर आणि अंथरुणांवर होता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली, गाठोडी सोडली जाऊ लागली, कपडे औषधाच्या पाण्यात आणि वाफेत जाऊ लागले, काही जाळलेही गेले. त्याच वर्षी सरकारने हजच्या प्रवासालाही बंदी घातली.

त्याआधीपासून हाजींना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटाचा अनुभव होता. तिथे १८८२ पासून तुर्की सरकारचे क्वारंटाइन होते. जहाज थांबे, हाजी उतरत, अंगावरचे कपडे आणि बोचक्यातले कपडे वाफेच्या यंत्रात जात, आणि तोवर माणसे दिलेली चादर गुंडाळून बसून राहत. रोगाची भीती खोटी नव्हती. पटकीने हजच्या वाटेवर हजारो माणसे खरोखरच मेली होती. पण घरच्या बाईने घड्या घालून, दुआ पुटपुटत बांधलेली गाठ परक्या हाताने सोडायची, आतले सगळे एका ढिगात टाकायचे आणि ओला गोळा परत द्यायचा, यातला अपमान आरोग्याच्या अहवालात मोजला गेला नाही.

भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला गेल्या. जिद्दा बंदरात सामानावरून आणि जकातीवरून झालेला त्रास त्यांनी लिहून ठेवला. त्या राज्यकर्त्या होत्या म्हणून त्यांचे म्हणणे पुस्तक झाले आणि १८७० साली इंग्रजीतही आले. खानदेशातल्या विणकराच्या बायकोचे म्हणणे कुठेच छापले गेले नाही.

आज विमानतळावर यंत्रातून सामान जाते, कधी उघडावेही लागते. नियम सर्वांना सारखा असेल तर त्याची तक्रार नाही. पण आपल्या वडीलधाऱ्या बायका बॅग भरताना खासगी कपडे वेगळ्या पुरचुंडीत, तळाशी, इतर कपड्यांच्या पोटात का ठेवतात, ते या इतिहासावरून समजावे. तो संकोच एकट्या स्वभावाचा नाही, त्यामागे आठवण आहे.

हजची पेटी

विसाव्या शतकात खानदेशातला हाजी भुसावळ, जळगाव किंवा धुळ्याहून चाळीसगावमार्गे मुंबईला जाई. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग बंदर, मग मोगल लाइनचे जहाज. १८८६ ते १८९३ या काळात ब्रिटिश सरकारने हजच्या वाहतुकीचे काम टॉमस कुक कंपनीकडे देऊन पाहिले होते. ते फार टिकले नाही. मोगल लाइन मात्र टिकली. ती १९६२ साली सरकारी झाली, १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली, आणि १९९५ नंतर हजचा समुद्रमार्ग बंद पडला. तेव्हापासून सगळे विमानाने.

जहाजाच्या काळात हजची पेटी म्हणजे एक छोटा संसार होता. डाळ, तांदूळ, मसाला, लोणचे, शेगडी, औषधे, आणि या सर्वांपासून कपडे वेगळे राखायचे. तेलाचा डाग इहरामच्या चादरीला लागू नये म्हणून ती दुहेरी कापडात बांधत. पुरुषाचा इहराम म्हणजे दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी. बाईला तिचे नेहमीचे शिवलेले कपडेच चालतात. भारतातून जाणाऱ्या जहाजाला यलमलमची हद्द समुद्रातच लागे, म्हणून इहराम पेटीत नव्हे तर हाताशी ठेवावा लागे. विमानात ती हद्द आकाशात ओलांडली जाते, म्हणून आता थेट मक्केला जाणारा हाजी इहराम नेसूनच विमानात बसतो. एका चादरीची जागा पेटीच्या तळापासून अंगापर्यंत कशी सरकली, यात प्रवासाचा सगळा बदल दिसतो.

आणखी एक कापड त्या पेटीत असे, त्याचा उल्लेख हळू आवाजात होई. कफन. परत येऊ की नाही याची खात्री नव्हती. आलो तर ते जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत आणायचे आणि घरच्या संदुकीत ठेवून द्यायचे. जाताना तळाशी आणि येतानाही तळाशी. ते कापडही बाईच घडी घालून ठेवी, नवऱ्याचे, सासऱ्याचे, आणि कधी स्वतःचेही.

बॅगेला चाके आली

स्वातंत्र्यानंतर एस. टी. आली. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, आणि पुढे खेडोपाडी टपावर पेट्या चढू लागल्या. मागच्या शिडीने ट्रंक वर चढवणे हे जड काम, म्हणून हलक्या पिशव्या आल्या. १९६०-७० च्या काळात टेरिलीन, टेरिकॉट घराघरात पोचले आणि घडीचे महत्त्व कमी झाले. सुती सदरा चुरगळतो म्हणून गादीखाली दाबून मग पेटीत ठेवायचा, हा सोपस्कार संपला. कापड बदलले की भरण्याची रीत बदलते, हे इथे स्पष्ट दिसते.

मग प्लास्टिकच्या सूटकेस आल्या. व्हीआयपी कंपनीचा एक कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. ज्या गावाची ओळख कापूस आणि केळी अशी होती, ते गाव प्लास्टिकचे पाइप, चटया आणि सूटकेस यांच्यासाठी ओळखले जाऊ लागले. जळगावची रंगीत चटई तर आमच्या भागातल्या प्रत्येक मुसाफिराच्या काखेत असते : जमातीत जाणाऱ्याच्या, दर्ग्याला जाणाऱ्याच्या, दवाखान्यात रुग्णापाशी मुक्काम करणाऱ्याच्या. वळकटीची जागा तिने घेतली.

चाके मात्र उशिरा आली. माणसाला चाक हजारो वर्षे माहीत होते, चंद्रावर पाऊल १९६९ मध्ये पडले, आणि सूटकेसला चाके लावण्याचे पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली मिळाले. उभी धरून ओढायची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये बनवली. इतका उशीर का? एक कारण असे सांगितले जाते की सामान उचलून दाखवणे हे मर्दपणाचे मानले जाई आणि बाई एकटी प्रवास करणार नाही असे गृहीत होते. आमच्या मते दुसरे कारण हमालाचे आहे. दुसऱ्याचे खांदे स्वस्तात मिळत असतील तर चाकाचा शोध लावतो कोण?

या सगळ्या बदलांत एक माणूस मात्र गाठोड्याला चिकटून राहिला. धुळे-जळगावच्या आठवडी बाजारांतला कापड विकणारा. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. रोज सगळे कापड उघडायचे आणि रोज बांधायचे. त्याची गठरी बांधताना पाहावी. खाली मोठी चादर. जड थान मध्यभागी. तयार कपडे सभोवती, एकाची बाही दुसऱ्याच्या घडीत, म्हणजे सरकत नाहीत. समोरासमोरची दोन टोके आधी, उरलेली दोन त्यावर. शेवटी गुडघा टेकून हवा काढायची आणि गाठ ओढायची. टेम्पोत कोपरा मिळेल तशी ती गठरी आकार बदलते. पेटीला हे जमत नाही. सतत फिरणाऱ्याला वेष्टण मऊ हवे हे त्याला बैलाच्या काळापासून माहीत आहे.

कोण बांधते, कोण जाते

आठवीच्या वर्गाला आम्ही एकदा घरचा अभ्यास दिला. घरातल्या सर्वांत वडील बाईला दोन प्रश्न विचारून या. सफरीचे सामान कोण बांधायचे? आणि सफरीला कोण जायचे? पहिल्या प्रश्नाला बहुतेक वह्यांत दादी, नानी, अम्मी अशी उत्तरे होती. दुसऱ्याला दादा, अब्बा, चाचा. दोन उत्तरे एकाखाली एक लिहिल्यावर मुलींनीच विचारले, 'सर, जो बाँधता है वो जाता क्यों नहीं?'

हा प्रश्न आमच्या या सगळ्या लेखापेक्षा मोठा आहे. बायका अजिबात प्रवास करीत नव्हत्या असे नाही. माहेरी जात, लग्नाला जात, मंदीत माग बंद पडले की कुटुंबासह गाव सोडत. पण वारंवार, एकटीने, स्वतःच्या कामासाठी जाणे हे नव्हते. जे ज्ञान रोज वापरले ते दुसऱ्याच्या प्रवासासाठी. किती दिवस, कोणता ऋतू, तिथे पाणी कसे, धोबी मिळेल का, परतीला काय आणावे लागेल म्हणून किती जागा रिकामी ठेवायची, हा सगळा हिशेब तिने न पाहिलेल्या गावांचा केला. न गेलेल्या माणसाला वाट इतकी माहीत असावी, याचे आम्हांला नवल वाटते.

हे चित्र आमच्या डोळ्यांदेखत बदलत आहे. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. त्याआधी खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि लहानसहान कामासाठी पुण्याची वाट धरावी लागे. विद्यापीठ जवळ आले, डी.एड., बी.एड.ची महाविद्यालये निघाली, आणि चोपडा, रावेर, शिरपूरकडच्या मुली रोजच्या बसने किंवा वसतिगृहात राहून शिकू लागल्या. पुढे त्यांतल्या काही शिक्षिका झाल्या. २०१८ साली हजचा नियमही सैल झाला : पंचेचाळीस वर्षांपुढच्या बायकांना, चार किंवा अधिक जणींच्या गटाने, मेहरमशिवाय जाण्याची मुभा मिळाली. पुढे गटाची अटही सैल होत गेली. याबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते असू शकतात. इतिहासाची नोंद एवढीच की ज्या हातांनी चारशे वर्षे दुसऱ्यांचे इहराम बांधले, त्या हातांत आता स्वतःच्या बॅगेची किल्ली आली.

रोज किंवा दर आठवड्याला प्रवास करणाऱ्या या मुलींनी जुन्या विद्येतून काय घ्यावे, हेही सांगून टाकतो. एक जोड नेहमी वेगळा, तयार ठेवावा. सुती कपडे गुंडाळावेत, इस्त्रीचे घडी करून सपाट वर ठेवावेत. जड वस्तू चाकांकडच्या टोकाला, म्हणजे बॅग उभी केल्यावर खाली. एका दिवसाचा पूर्ण पोशाख, ओढणीसकट, एकाच गुंडाळीत असावा. एक वस्तू शोधायला दहा उपसाव्या लागत नाहीत. मळक्या कपड्यांना जातानाच रिकामी पिशवी द्यावी. येताना लागेल म्हणून चौथा हिस्सा मोकळा सोडावा. आणि आत एका कागदावर नाव-गाव लिहून ठेवावे, कारण वरची चिठ्ठी फाटते. यातली एकही गोष्ट आमची नाही. सगळ्या त्या आठवीच्या वह्यांतून आल्या, म्हणजे मुळात दादी-नानींकडून.

आज खानदेशातल्या घरोघरी पत्र्याच्या पेट्या भंगारात निघत आहेत. जागा लागते, गंज धरतो, हे खरे. पेटी देऊन टाकायला आमची हरकत नाही. पण द्यायच्या आधी ती घरातल्या म्हातारीसमोर एकदा उघडावी आणि विचारावे, यात काय कुठे ठेवत होतीस, आणि का. झाकणावर आजोबांचे नाव रंगवलेले असेल. आतला इतिहास तिचा आहे, आणि तो सांगणारी तीच उरली आहे. ऐकून झाले की लिहून घ्यावे, उर्दूत घ्या किंवा मराठीत, पण तिचे नाव घालून.